स्टालिनच्या तोंडाची वाफ : युद्धकाळातील चित्रफिती कशा पाहाव्यात

जुनी कागदपत्रे कशी तपासायची हे तुम्हाला इतिहासाच्या तासाला शिकवले जाते. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, कधी लिहिले, समोर आहे ती मूळ प्रत की नक्कल, असे प्रश्न आपण विचारतो. चित्रफीत समोर आली की मात्र हे प्रश्न मागे पडतात, कारण डोळ्यांना दिसलेले खरेच वाटते. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, इतिहास हा माझा मूळ विषय नव्हे. पण चित्रफीत यंत्रातून बाहेर पडते. त्या यंत्राला काय जमत होते आणि काय जमत नव्हते हे कळले, की चित्रफितीतल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. या टिपणात आपण मुख्यतः एकच चित्रपट घेऊ आणि त्याच्या आधाराने हे समजून घेऊ.

चित्रपटाच्या रशियन नावाचा अर्थ 'मॉस्कोजवळ जर्मन फौजांचा पाडाव' असा होतो. लिओनिद वार्लामोव आणि इल्या कोपालिन हे त्याचे दिग्दर्शक. १९४२ च्या फेब्रुवारीत तो सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला. त्याच वर्षी 'मॉस्को स्ट्राइक्स बॅक' या नावाने तो अमेरिकेत लागला. तिथल्या आवृत्तीचे निवेदन एडवर्ड जी. रॉबिन्सन या प्रसिद्ध नटाच्या आवाजात होते आणि तिला माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. तासाभराच्या या चित्रपटात तिन्ही प्रकारची दृश्ये आहेत : वेढ्याची तयारी करणारे शहर, लाल चौकातले संचलन आणि डिसेंबर १९४१ मधला प्रतिहल्ला. आपल्या कामाला तो म्हणूनच सोयीचा आहे.

सुरुवात संचलनापासून करू. ७ नोव्हेंबर हा सोव्हिएत क्रांतीचा वर्धापनदिन. १९४१ साली त्या दिवशी जर्मन आघाडी मॉस्कोपासून शंभर किलोमीटरच्याही आत होती. अशा वेळी लष्करी संचलन भरवणे म्हणजे शत्रूच्या विमानांना आमंत्रण देण्यासारखे होते. तरीही ते भरवायचे ठरले आणि अतिशय गुप्तता पाळली गेली. नेहमीच्या दहाऐवजी सकाळी आठला ते सुरू झाले. नेमकी वेळ तुकड्यांच्या प्रमुखांनाही आदल्या रात्री उशिरा कळली. सुदैवाने त्या सकाळी दाट बर्फ पडत होते आणि जर्मन विमाने आली नाहीत. सुमारे २८,००० सैनिक चौकातून गेले, घोड्यावर बसलेल्या मार्शल बुद्योन्नींनी मानवंदना घेतली आणि लेनिनच्या समाधीवरून स्टालिनने भाषण केले. रेडिओवरून ते देशभर ऐकू गेले.

आता चित्रपटातले भाषण पाहा. चौकात बर्फ पडते आहे, सैनिकांच्या खांद्यांवर आणि टोप्यांवर ते साचले आहे. मग स्टालिन बोलताना जवळून दिसतो, आणि त्याच्या तोंडातून वाफ निघत नाही. शाळेत शिकलेले आठवा : श्वासातली हवा ऊबदार आणि ओलसर असते. ती गार हवेत मिसळली की बाष्पाचे बारीक थेंब होतात आणि तोंडासमोर ढग दिसतो. दिल्ली-लखनौकडच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको, जानेवारीत त्यांना ते रोज दिसते. बर्फ पडत असताना उघड्यावर मोठ्याने भाषण करणाऱ्या माणसाच्या तोंडातून वाफ निघालीच पाहिजे.

ती निघाली नाही, कारण तो उघड्यावर नव्हताच. वेळ आधी ओढल्यामुळे आणि ऐनवेळी कळल्यामुळे ध्वनिमुद्रणाची गाडी लाल चौकात पोहोचू शकली नाही. संचलनाचे चित्रण झाले, भाषण मात्र हुकले. वर्षातल्या सर्वांत महत्त्वाच्या भाषणाची बोलती चित्रफीत नाही, हे त्या काळात त्या देशात कोणाला जाऊन सांगणार? उपाय काढला गेला तो असा : क्रेमलिनच्या राजवाड्यातल्या सेंट जॉर्ज सभागृहात समाधीच्या सज्जाची प्लायवूडची प्रतिकृती उभी करण्यात आली आणि काही दिवसांनी स्टालिनने तिथे कॅमेऱ्यासमोर तेच भाषण पुन्हा केले. श्वासाची वाफ दिसावी म्हणून सभागृहाच्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या, असेही सांगितले जाते. तिचा काही उपयोग झाला नाही, हे पडद्यावर दिसतेच.

वर्गात हा तुकडा दाखवला की मुलांच्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काही म्हणतात, त्यात काय एवढे, भाषण तर खरेच झाले होते. काही म्हणतात, म्हणजे सगळेच खोटे. दुसरी प्रतिक्रिया नुसती वर्गापुरती राहिलेली नाही. स्टालिन त्या सकाळी चौकात नव्हताच, असे या हरवलेल्या वाफेच्या जोरावर सांगणारे लोक आहेत. तो निष्कर्ष चुकीचा आहे. भाषण रेडिओवरून गेले होते, चौकात हजारो सैनिक होते आणि मूक कॅमेरे चालू होते. फितीचा एक तुकडा नंतर तयार केलेला आहे, एवढेच वाफेवरून सिद्ध होते. पहिली प्रतिक्रियाही मला पुरेशी वाटत नाही. पुन्हा चित्रित केलेला माणूस निवांत असतो, त्याला विमानांची धास्ती नसते, शब्द अडखळला तर परत घेता येतो. त्या सकाळी स्टालिनचा आवाज कसा होता, चेहरा कसा होता, हे कळण्याचे साधन म्हणून हा तुकडा निरुपयोगी आहे. भाषणात काय म्हटले होते एवढ्यापुरता तो उपयोगी आहे. एकाच तुकड्यातले काय वापरायचे आणि काय सोडायचे, हा निवाडा दर वेळी करावा लागतो.

आणखी एक गोष्ट. ज्या समाधीसमोरून सैनिक मानवंदना देत गेले, तिच्यात लेनिनचे शव नव्हते. ते जुलै १९४१ मध्येच गुप्तपणे सैबेरियातल्या ट्यूमेन शहरी हलवले होते. समाधीची चित्रफीत अगदी अस्सल आहे, तरी समाधी रिकामी असल्याचे ती सांगू शकत नाही.

आता यंत्राकडे येऊ. युद्धाच्या चित्रफितींत समारंभ इतके का असतात? सरकारांना ते हवे असतात हे उघड कारण आहेच. पण त्याखाली एक साधे तांत्रिक कारण आहे. त्या काळी आवाज आणि चित्र एकत्र टिपायचे तर अवजड उपकरणे, वीज आणि ती वाहून नेणारी गाडी लागे. जागा आधी ठाऊक हवी, वेळ ठरलेली हवी. समारंभात हे सारे असते. आघाडीवरचा छायाचित्रकार हातात धरण्याचा कॅमेरा वापरे. सोव्हिएत छायाचित्रकारांकडे बऱ्याच वेळा अमेरिकन 'आयमो' कॅमेरा किंवा त्याच्या धर्तीवरचा देशी कॅमेरा असे. त्याला घड्याळासारखी किल्ली द्यावी लागे. आत १०० फूट लांबीचे ३५ मिलिमीटरचे रीळ बसे.

गणित करून पाहा. ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटात १६ चौकटी मावतात. १०० फुटांत १,६०० चौकटी झाल्या. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने त्या संपायला ६७ सेकंदही लागत नाहीत. म्हणजे एक मिनिट आणि वर थोडे. मग कॅमेरा उघडा, रीळ बदला, पुन्हा किल्ली द्या. हे मॉस्कोच्या हिवाळ्यात, उणे तीस अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत, उघड्या बोटांनी करायचे. वंगण घट्ट होते, स्प्रिंग जड चालते, वेग कमी-जास्त होतो, फीत ठिसूळ होऊन तुटते. कॅमेरा कोटाच्या आत अंगाशी धरून ऊब द्यावी लागे. आणि कॅमेरा मूक होता. चित्रपटात तोफा धडाडतात, 'हुर्रा'च्या आरोळ्या ऐकू येतात, तो आवाज नंतर स्टुडिओत चढवलेला आहे. हे या चित्रपटापुरते नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईची जी दृश्ये तुम्ही आवाजासह पाहता, त्यांतल्या बहुतेकांचा आवाज त्या जागेचा नाही. सेर्गेई लोझनित्सा या दिग्दर्शकाने लेनिनग्राडच्या वेढ्याच्या मूक चित्रफितींवरून 'ब्लॉकेड' हा चित्रपट केला, त्यातली पावले, घसरगाड्यांची खरखर, सारे नव्याने बसवलेले आहे. पाहताना ते इतके खरे वाटते की मुद्दाम आठवण ठेवावी लागते.

ही अडचण ध्यानात घेतली म्हणजे मॉस्कोच्या चित्रपटातली लढाई अशी का दिसते ते समजते. आपल्या तोफा मागून दिसतात, बर्फातून रणगाडे जातात, पांढऱ्या झग्यांतले स्की-सैनिक धावतात. शत्रू आणि आपले सैनिक एका चौकटीत जवळजवळ येतच नाहीत. दोन बाजूंची नेमानेम संकलकाने कात्रीने जुळवलेली असते. इथे एक सोपी कसोटी वापरा. हल्ला करणारे सैनिक समोरून, चेहऱ्यानिशी, आपल्याकडे धावत येताना दिसले, तर विचारा की छायाचित्रकार कुठे उभा होता? शत्रूकडे पाठ करून, दोन्ही बाजूंच्या गोळीबाराच्या मध्ये? तसे क्वचित घडलेही असेल, पण बहुधा ते दृश्य सरावाचे किंवा नंतर केलेले असते.

लढाईचे दृश्य पुन्हा करून घेण्याची रीत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल यांनी टिपलेला 'द बॅटल ऑफ द सोम' हा ब्रिटिश चित्रपट ऑगस्ट १९१६ मध्ये, लढाई चालू असतानाच प्रदर्शित झाला आणि सहा आठवड्यांत त्याची सुमारे दोन कोटी तिकिटे खपल्याचा अंदाज आहे. सैनिक खंदकातून वर चढून जातात आणि एकजण घसरून मागे पडतो, हे त्यातले सर्वांत गाजलेले दृश्य. ते आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी घेतले असावे, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. खंदक उथळ आहे, सैनिकांच्या पाठीवर पुरते सामान नाही, आणि पडलेला एक 'मृत' सैनिक थोड्या वेळाने पाय नीट करून घेतो. त्याच चित्रपटातला हॉथॉर्न टेकडीखालच्या सुरुंगाचा स्फोट मात्र अस्सल आहे : १ जुलै १९१६, सकाळी ७ वाजून २० मिनिटे. त्या एका दिवसात ब्रिटिश बाजूचे ५७,४७० जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यांतले १९,२४० ठार. खोटे मरण आणि खऱ्या मरणाची सुरुवात असे एकाच रिळात शेजारी शेजारी आहे. (जाता जाता : ती फीत हाताने दांडा फिरवून टिपलेली आहे. सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी टिपल्या आणि चोवीसच्या वेगाने दाखवल्या, तर माणसे दीडपट वेगाने तुरुतुरू चालतात. तुमच्या पणजोबांच्या पिढीची चाल तशी नव्हती, यंत्राचा वेग चुकला आहे.)

कॅमेरा हलला म्हणजे दृश्य खरे, असा एक समज आहे. १९४२ च्या जूनमध्ये जॉन फोर्ड मिडवे बेटावर होता. जपानी विमानांच्या बॉम्बहल्ल्यात तो जखमी झाला, आणि धक्क्यांनी त्याच्या कॅमेऱ्यातल्या चौकटी अक्षरशः उड्या मारतात. तो हादरा खरा आहे. पुढे जॉन ह्यूस्टनने इटलीतल्या सान पिएत्रो गावच्या लढाईवर माहितीपट केला. त्यातली बरीचशी लढाई प्रत्यक्ष संघर्ष संपल्यावर सैनिकांकडून करून घेतलेली आहे, आणि तिथेही कॅमेरा हादरतो. म्हणजे हादऱ्याची खूणही उसनी घेता येते. सोव्हिएत बाजूचे उदाहरण स्टालिनग्राडचे. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी दोन दिशांनी आलेल्या फौजा भेटल्या आणि जर्मन सैन्य वेढले गेले. सैनिक बर्फातून धावत येऊन एकमेकांना मिठ्या मारतात, ते प्रसिद्ध दृश्य नंतर पुन्हा करून टिपलेले आहे. वेढा खरा होता, त्यात अडकलेली फौज खरी होती.

मॉस्कोच्या चित्रपटातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग शहराचा आहे. त्यात नाट्य कमी आहे आणि म्हणून तो पटकन पुढे ढकलला जातो. बायका रणगाडाविरोधी खंदक खणताहेत, रस्त्यांवर लोखंडी अडसर उभे आहेत, दुकानांच्या काचांपुढे वाळूची पोती रचली आहेत, हवेत सोडायचे फुगे रस्त्याने ओढत नेले जात आहेत. ही दृश्ये एका संदेशासाठीच निवडली आहेत : शहर खंबीर आहे. पण चौकटीच्या कडेला जे नकळत आले ते कोणी निवडलेले नाही. कोणाच्या पायात कोणते बूट आहेत, फावडे किती जणींकडे आहे, खणणाऱ्यांत पुरुष किती आणि कोणत्या वयाचे, दुकानावरची पाटी काय सांगते, हे पाहत चला.

आणि काय नाही तेही पाहा. १६ ऑक्टोबर १९४१ रोजी मॉस्कोत हाहाकार माजला होता. सरकारी कार्यालये कुइबिशेवला हलवण्याचा हुकूम आदल्या दिवशी निघाला होता. सकाळी मेट्रो उघडली नाही. लोक सामान घेऊन पूर्वेकडच्या रस्त्याला लागले, दुकाने लुटली गेली, काही साहेब लोक गाड्या घेऊन पळाले. हा दिवस डायऱ्यांत आहे, आठवणींत आहे, पोलिसी अहवालांत आहे. चित्रपटात नाही. तीन आठवड्यांनी त्याच शहरात झालेले संचलन आहे. नुसता चित्रपट पाहणाऱ्याला मॉस्को कधी घाबरलेच नाही असे वाटेल. आणि मॉस्को घाबरले होते हे माहीत असलेल्याला संचलनाची किंमत जास्त कळेल, असे माझे मत आहे.

चित्रपटाच्या उत्तरार्धात परत घेतलेली गावे येतात. क्लिन इथले संगीतकार चायकोव्हस्कीचे घर, यास्नाया पोल्याना इथले टॉलस्टॉयचे घर, दोन्ही नासधूस केलेली. व्होलोकोलाम्स्क गावात फासावर लटकणारे आठ देह. ही दृश्ये पाहवत नाहीत, आणि शंका घेणाऱ्याने इथेही शंका घेतली तर काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न नुसता बौद्धिक राहत नाही. न्यूरेंबर्गच्या खटल्यात तो प्रत्यक्ष आला. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकन वकिलांनी छळछावण्यांची चित्रफीत न्यायालयात दाखवली, तेव्हा आरंभी शपथपत्रे जोडली होती : फीत कोणी टिपली, कोणाच्या ताब्यात राहिली, तिच्यात फेरफार केलेला नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये सोव्हिएत वकिलांनीही नाझी अत्याचारांवरचा चित्रपट पुराव्यात दाखल केला. न्यायालयाने चित्रावर केवळ चित्र म्हणून भिस्त ठेवली नाही. चित्राभोवतीचे कागद, साक्षीदार आणि जर्मनांच्याच दप्तरातली पत्रे यांच्याशी ते ताडून पाहिले गेले. व्होलोकोलाम्स्कच्या फितीवर विश्वास ठेवायचा तो असाच. वाफ नसलेले भाषण आणि हे फास एकाच चित्रपटात आहेत. एकाने दुसरे खोटे ठरत नाही आणि दुसऱ्याने पहिले अस्सल ठरत नाही.

हे सारे दूरच्या देशातले वाटत असेल तर आपल्याकडच्या त्याच काळाकडे या. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही यंत्रणा उभी केली. तिच्याकडून वृत्तपट निघत, आणि ते दाखवणे चित्रपटगृहांना भारत संरक्षण नियमांखाली सक्तीचे होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसे मेली, आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. आपल्याकडे १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो यामुळेच. सुधीश घटक या छायाचित्रकाराने या घटनेचे चित्रण केले. ते लष्करी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतले आणि त्याचे काही भाग पुढे वृत्तपटातून लोकांसमोर आले. मुंबईने स्फोट ऐकला होता, काचा फुटलेल्या पाहिल्या होत्या, पण बातमी पहिल्यांदा बाहेर दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. वार्ताहरांना ती पाठवायची परवानगी मिळायला मे उजाडला. त्यामुळे आज या घटनेची हलती चित्रे पाहताना आपण काय पाहतो आहोत? लष्कराने दाखवू दिले ते.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ती यंत्रणा बंद करण्यात आली. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. मधल्या फटीत १५ ऑगस्ट १९४७ येतो. देश स्वतंत्र होत असताना तो समारंभ टिपायला आपल्या सरकारची स्वतःची वृत्तपट यंत्रणा नव्हती. त्या दिवसाची जी चित्रे दर ऑगस्टमध्ये तुम्ही पाहता, ती मुख्यतः खासगी छायाचित्रकारांनी आणि परदेशी वृत्तपट कंपन्यांनी टिपलेली आहेत. यंदा ती पुन्हा दाखवली जातील तेव्हा आवाज बंद करून एकदा पाहा, आणि प्रत्येक दृश्याला कॅमेरा कोणत्या उंचीवर, कोणाच्या बाजूला, गर्दीच्या आत की बाहेर उभा आहे, ते वहीत लिहून काढा.